वाफ वेगळी, दाब वेगळा

सेकंड इयरला माझा वायडी लागला. मॅगझिनमधल्या लेखाचं पहिलंच वाक्य हे असावं की नाही यावर बराच विचार केला. पण पुढचं सगळं त्यातूनच निघतं, म्हणून लिहून टाकतो. एम-थ्री गेला, थर्मो गेला, आणखी दोन गेले. मित्र टीईला गेले आणि मी हॉस्टेलची गादी गुंडाळून साताऱ्याला घरी आलो. घरी कुणी काही बोललं नाही. ते न बोलणंच जास्त लागत होतं.

दिवाळीच्या आधी मामा टेम्पोतून एक धूड घेऊन आले. मामांचा केटरिंगचा धंदा. मुंबईतल्या एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान विकायला निघालं होतं. तिथली पातेली आणि टेबलं उचलताना हे कॉफीचं मशीन जवळजवळ भंगाराच्या भावात त्यांच्या गळ्यात पडलं. लग्नाच्या हॉलमध्ये एक्स्प्रेसोसाठी चालेल म्हणून त्यांनी ते घेतलं, पण ते चालूच होईना. मग इंजिनिअरिंगचा मुलगा घरात रिकामा असताना मिस्त्रीला पैसे कशाला द्यायचे, असा त्यांनी हिशेब केला. तो मुलगा नापास झालाय हे त्यांना ठाऊक होतं. तरी आणलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

मशीन म्हणजे चाळीसेक किलोचा पितळ-तांब्याचा ऐवज. क्रोमियम उडालेलं, नावाची पट्टी गायब, दाब दाखवणाऱ्या घड्याळाची काच फुटलेली आणि समोर हातभर लांबीचा एक दांडा. आईने त्याला मागच्या पडवीत जागा दिली, तीही गॅसच्या सिलिंडरपासून लांब, या अटीवर.

पहिला आठवडा नुसता खोलण्यात गेला. पाने घसरले, बोटं सोलली. बॉयलरच्या आत पांढऱ्या क्षाराचा थर, पितळेच्या नळ्यांवर हिरवा कळंक, रबरी गॅस्केट तर खडूसारखी हातात चुरली. हे सगळं अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हती ती दांड्याच्या मागच्या सिलिंडरमधली स्प्रिंग. ती बघून मी चक्रावलो. स्कूटरच्या शॉकअपला शोभेल अशी जाडजूड स्प्रिंग, आणि तीही दाबून बसवलेली. आमच्या गल्लीतल्या लेथवाल्या काकांनी ती नुसती बघून सांगितलं की हिला हाताने सोडवायच्या भानगडीत पडू नकोस, थोबाड फोडेल. मग त्यांच्याच प्रेसमध्ये धरून, लांब बोल्ट लावून, आटा-आट्याने सैल करत ती बाहेर काढली.

बॉयलर आहे, वाफ आहे, वाफेला दाब आहे. मग कॉफीच्या मशीनमध्ये स्प्रिंग कशाला? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला अकिले गाज्जा भेटला.

मित्रांनो, आपल्याला वॉट माहीत असतो, डिझेल माहीत असतो, कारण ते सिलॅबसमध्ये आहेत. गाज्जा सिलॅबसमध्ये नाही. पण जगात कुठेही काउंटरवरून छोट्या कपात वर सोनेरी-तपकिरी फेस असलेली कॉफी येते, तेव्हा त्या फेसाखाली या माणसाचं आयुष्य असतं. इटलीत तर त्याच्या नावाचीच मशीन्स काउंटरवर दिसतात.

त्याची गोष्ट सांगण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. आणि हो, एस्प्रेसोमध्ये एक्स नाही. मामांना हे सांगून पाहिलं, त्यांनी ऐकून सोडून दिलं.

वाफेच्या जोरावर कॉफी काढायची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. तुरिन शहरातल्या आंजेलो मोरिओन्दो याने १८८४ मध्ये तिथल्या प्रदर्शनात असं एक मशीन मांडलं आणि त्याचं पेटंट घेतलं. ते एकदम घाऊक प्रमाणात कॉफी काढायचं, कपागणिक नाही. पुढे मिलानच्या लुईजी बेझ्झेराने १९०१ मध्ये कपागणिक ताजी कॉफी काढायच्या मशीनचं पेटंट मिळवलं. दांडी असलेली गाळणी, तीत एका कपाची पूड, ती मशीनला फिरवून अडकवायची आणि वरून गरम पाणी सोडायचं, ही रचना त्याची. देसिदेरिओ पावोनीने ते पेटंट विकत घेऊन १९०५ पासून मशीन्सचं उत्पादन सुरू केलं आणि १९०६ च्या मिलानच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. डोक्यावर घुमट, घुमटावर कधी गरुड, अशी पुरुषभर उंचीची चकचकीत पितळी मशीन्स इटलीभर उभी राहिली. गिऱ्हाईक आलं की वाफेचा फुत्कार आणि झटपट कॉफी. यंत्रयुगाच्या ऐन उत्साहाचा काळ होता, लोक खूश होते.

फक्त कॉफी करपलेली लागायची.

का, ते स्टीम टेबल सांगतं. हेच स्टीम टेबल मी थर्मोच्या पेपरात उघडून तास-दीड तास नुसतं पाहत बसलो होतो, ही गोष्ट वेगळी. त्या जुन्या मशीन्समध्ये बॉयलरचा दाब साधारण दीड बार असायचा. घड्याळावर दीड, म्हणजे वातावरणाचा मिळवून अडीच. स्टीम टेबलमध्ये अडीच बारच्या ओळीत तापमान पाहा: सुमारे १२७ अंश. म्हणजे पुडीवर येणारं पाणी आणि वाफ उकळत्या पाण्यापेक्षाही तापलेली. कॉफीला मानवतात साधारण ९० ते ९५ अंश. बरं, दीड बारमध्ये पाणी बारीक पुडीतून धड जातही नाही, त्यामुळे पूड जाड ठेवायची, आणि मग कॉफी एकाच वेळी करपलेली आणि पातळ.

यावर कुणीही म्हणेल की दाब वाढवा. वाढवून बघा. वाफेनेच ९ बार हवा असेल, तर टेबलमध्ये १० बारची ओळ काढायची. तिथे तापमान १८० अंश. कॉफीचा कोळसा. दाब कमी केला तर तापमान उतरतं, पण मग पाणी पुढे ढकलणार कोण? संपृक्त वाफेत दाब आणि तापमान हे दोघं पाय बांधून शर्यतीला उतरलेल्या जोडीसारखे. एक पुढे गेला की दुसऱ्याला जावंच लागतं. पन्नास वर्षं इटलीतले मशीनवाले या जोडीला पळवत होते.

आता गाज्जा. अकिले गाज्जाचा जन्म १८९५ चा, मिलानचा. मिलानमध्ये त्याच्या कुटुंबाचा बार होता आणि तो त्याच बारमध्ये काम करायचा. इटलीतला बार म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नव्हे. सकाळी कामाला जाताना माणसं काउंटरशी उभी राहून दोन घोटांत कॉफी संपवतात आणि पुढे जातात, ती जागा. आपल्या चहाच्या टपरीचा जरा नीटनेटका भाऊ म्हणा. गाज्जा पेशाने इंजिनिअर नव्हता. तो काउंटरच्या मागे उभा राहणारा माणूस होता. पण मला वाटतं त्याच्या बाजूने हीच गोष्ट सगळ्यात मोठी होती. मशीन बनवणारा मशीन विकून घरी जातो. काउंटरमागचा माणूस मात्र गिऱ्हाइकाचं तोंड रोज पाहतो. पहिल्या घोटाला वाकडं झालेलं तोंड त्याच्या नजरेतून सुटत नाही.

वाफ बाजूला काढायला हवी, हे त्या काळात त्याच्या एकट्याच्याच डोक्यात होतं असं नाही. त्रिएस्तच्या फ्रांचेस्को इल्लीने १९३५ मध्ये वाफेऐवजी दाबाखालची हवा वापरून पाहिली होती. मिलानच्याच क्रेमोनेसी नावाच्या तंत्रज्ञाने पिस्टनने पाणी ढकलायच्या दिशेने काम केलं होतं. शोधाचं श्रेय एकाच डोक्यावर ठेवणं आपल्याला सोयीचं असतं, पण खरं तसं नसतं. गाज्जाने काय केलं, तर या कल्पनेचा पिच्छा सोडला नाही. ५ सप्टेंबर १९३८ रोजी, वयाच्या त्रेचाळिशीच्या आसपास, त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्यात स्क्रू होता, म्हणजे आटे असलेला पिस्टन. बॉयलरमधून गरम पाणी सिलिंडरमध्ये घ्यायचं आणि वरची मूठ फिरवत पिस्टन खाली आणून ते पुडीतून दाबायचं. बुकबाइंडरच्या प्रेसचा स्क्रू आठवा, तत्त्व तेच.

यात वरवर काही मोठं नाही. पण नीट पाहिलं तर त्या जोडीच्या पायातली दोरी इथे कापली गेली. बॉयलरचं काम आता फक्त पाणी तापवणं आणि सिलिंडरपर्यंत पोचवणं. ढकलायचं काम पिस्टनचं. तापमान एकाकडे, दाब दुसऱ्याकडे. वाफ वेगळी, दाब वेगळा.

आणि मग वर्षभरात युद्ध सुरू झालं. जून १९४० मध्ये इटलीही त्यात उतरली. बाहेरून येणारी कॉफी दुर्मीळ झाली. लोक चिकरी आणि भाजलेले जव उकळून कॉफीची हौस भागवू लागले. ऑगस्ट १९४३ मध्ये मिलानवर बॉम्बहल्ल्यांचा भडिमार झाला, ला स्काला या जगप्रसिद्ध ऑपेरागृहाचीही पडझड झाली. अशा गावात कॉफीच्या नव्या मशीनचं पेटंट हातात घेऊन बसलेल्या माणसाची काय अवस्था झाली असेल, याचा विचार मी पडवीत बसून बराच केला. कल्पना बरोबर आहे, कागदावर उतरली आहे, आणि ती वापरायला कॉफीच नाही. बिया नाहीत, गिऱ्हाईक नाही, शहर धड नाही. एक-दोन वर्षं नाही. १९३८ पासून पुढचं पेटंट येईपर्यंत नऊ वर्षं.

माझं एक वर्ष गेलं होतं, तर मी चार महिने मित्रांचे फोन उचलत नव्हतो. असो.

युद्ध संपलं तेव्हा गाज्जा पन्नाशीला आला होता. इथे एक गोष्ट फार सांगितली जाते. युद्धानंतर त्याने अमेरिकन सैन्याच्या जीपमधली पिस्टनची रचना पाहिली आणि त्यावरून त्याला कॉफीच्या मशीनची युक्ती सुचली म्हणे. गोष्ट झकास आहे, सफरचंदासारखी. पण अमेरिकन जीप मिलानमध्ये पोचली युद्धाच्या अखेरीस, आणि पिस्टनचं पेटंट गाज्जाच्या खिशात १९३८ पासून होतं. जीप पाहून दांड्याबद्दल किंवा स्प्रिंगबद्दल काही सुचलं असेलही. पण मूळ विचार त्याने त्याआधी केला होता आणि नऊ वर्षं विझू दिला नव्हता. आपल्याला क्षणात सुचलेल्याच्या गोष्टी आवडतात, वर्षानुवर्षं धरून ठेवलेल्याच्या आवडत नाहीत. कदाचित त्यांत सांगण्यासारखं काही घडत नाही म्हणून.

१९४७ मध्ये त्याने नवं पेटंट घेतलं. स्क्रू गेला, त्याच्या जागी दांडा आणि स्प्रिंग आली. माझ्या पडवीतल्या धुडाचा अर्थ मला इथे लागला.

हे चालतं कसं, ते सांगतो. कॉफीची बारीक पूड गाळणीत दाबून भरायची, गाळणी मशीनला अडकवायची. मग दांडा खाली ओढायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की आपण ओढतोय म्हणजे आपणच कॉफी दाबतोय. साफ चूक! दांडा खाली येतो तेव्हा पिस्टन वर जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. पिस्टन पुरेसा वर गेला की बॉयलरमधलं गरम पाणी त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत शिरतं. काही सेकंद थांबायचं, पूड भिजू द्यायची. मग दांडा हळूच सोडायचा. आता स्प्रिंग सुटू पाहते, पिस्टनला खाली रेटते आणि पाणी पुडीतून निघतं. दांडा आपला आपण सावकाश वर जातो आणि खाली कपात मधासारखी धार पडते. म्हणजे माणूस फक्त ताकद जमा करतो. खर्च स्प्रिंग करते. स्क्रूच्या मशीनमध्ये हात जसा फिरेल तसा दाब, आज एक उद्या दुसरा. स्प्रिंगला मूड नसतो. ती प्रत्येक कपाला तेवढाच जोर लावते.

किती जोर? माझ्या मशीनच्या पिस्टनचा व्यास मोजला, ५० मिलिमीटर. क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. ९ बार म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला ९ किलो. गुणाकार केला तर १७५ ते १८० किलोचा भार! एका कप कॉफीसाठी तीन माणसं पिस्टनवर उभी केल्यासारखं. दांड्याची लांबी आणि खिळीचं अंतर यांचं गुणोत्तर दहा-बारा भरतं, त्यामुळे हाताला तो भार १५ ते १८ किलोच जाणवतो. ॲप्लाइड मेकॅनिक्समध्ये पहिल्या सेमिस्टरला शिकवतात तीच तरफ. मी ही आकडेमोड जुन्या जर्नलच्या मागच्या पानावर केली आणि अनेक महिन्यांत पहिल्यांदा, उत्तर कुणी तपासणार नसताना, गणित सोडवून बरं वाटलं.

या दाबाने कपात एक नवीनच गोष्ट घडली. ताज्या भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. नऊ बारखाली तो पाण्यात विरघळतो. कपात येताच दाब उतरतो आणि त्याचे बारीक बुडबुडे फुटून वर येतात, कॉफीतल्या तेलाचा अंश त्यांना धरून राहतो. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तेच, फक्त फार बारीक. कपावर सोनेरी-तपकिरी फेसाची साय धरते.

गिऱ्हाइकांनी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. त्यांना तो कचरा वाटला असं सांगतात. आमटीवर फेस आला तर आई पळीने काढून टाकते, तसंच काहीतरी. दुसरा कुणी असता तर त्याने फेस कसा घालवायचा यावर डोकं खपवलं असतं. गाज्जाने उलट केलं. हीच तर कॉफीची साय, असं म्हणून त्याने तिला नाव दिलं, क्रेमा काफ्फे, आणि त्याच नावाने मशीन विकलं. वाफेशिवाय चालणारं मशीन, हे जाहिरातीतच सांगितलं. ज्याला लोक दोष समजत होते तीच पुढे चांगल्या एस्प्रेसोची खूण झाली. आज क्रेमा नसेल तर गिऱ्हाईक कप परत पाठवतं.

१९४८ मध्ये गाज्जाने कंपनी काढली. पहिल्या मशीन्स बनवायला कारखाना हवा होता, तो एर्नेस्तो वालेन्ते याचा मिळाला. वालेन्तेची फाएमा ही कंपनी १९४५ पासूनची. पण दोघांचं फार काळ जमलं नाही. गाज्जाला आपलं मशीन उंची, देखणं, मोजक्या चांगल्या बारमध्ये बसणारं हवं होतं; वालेन्तेला ते स्वस्त करून गल्लोगल्ली न्यायचं होतं, असं या मतभेदाबद्दल सांगितलं जातं. दोघं वेगळे झाले आणि फाएमाने स्वतःची मशीन्स काढली. यात कोण बरोबर, हे मला सांगता येणार नाही. एकाने गोष्ट घडवली, दुसऱ्याला ती पसरवायची होती. प्रोजेक्ट ग्रुपमध्ये भांडणं होतात तीही बहुतेक याच जातीची असतात.

पन्नासच्या दशकात दांड्याची मशीन्स इटलीबाहेर गेली. लंडनमध्ये सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवर १९५३ मध्ये मोका बार उघडला, तिथे गाज्जाचं मशीन होतं आणि उद्घाटनाला जीना लोलोब्रिजिदा ही नटी आली होती. युद्धाने आणि रेशनने कंटाळलेल्या पोरांना रात्री बसायला जागा मिळाली, तीही दारूच्या गुत्त्याबाहेर. सोहोतल्या कॉफी बारमध्येच पुढे ब्रिटनच्या रॉक अँड रोलची गाणी वाजू लागली. स्वतःच्या बारमधल्या करपट चवीने अस्वस्थ झालेल्या मिलानच्या एका माणसाने हे सगळं ठरवून केलं नव्हतं, पण झालं खरं.

आता शेवट. १९६१ मध्ये वालेन्तेच्या फाएमाने ई ६१ हे मशीन आणलं. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी इटलीतून खग्रास सूर्यग्रहण दिसलं होतं, त्यावरून हे नाव. त्यात विजेचा पंप होता. बटण वजा खटका फिरवला की पंप ९ बारने पाणी ढकलतो; हाताला कष्ट नाहीत, दांडा ओढायला नको. पुढची बहुतेक मशीन्स याच वळणावर गेली. त्याच वर्षी, १९६१ मध्येच, अकिले गाज्जा वारला. कंपनी त्याचा मुलगा कामिल्लो पुढे चालवत राहिला.

ज्या वर्षी दांडा मागे पडायला सुरुवात झाली त्याच वर्षी दांडेवाला गेला. वाचून मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की पंपाने काय बदललं आणि काय नाही. ढकलणारा बदलला. पण बॉयलरने तापवायचं आणि ढकलायचं काम दुसऱ्या कुणी करायचं, ही वाटणी तशीच राहिली. ९ बारसुद्धा तोच राहिला. गाज्जाच्या स्प्रिंगने जी चव लोकांच्या जिभेवर बसवली, ती पंपाला पाळावी लागली. माणसाचं यंत्र जुनं होतं. त्याने घातलेला पायंडा जुना होईलच असं नाही.

पडवीकडे परत येतो. बॉयलर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात दोन दिवस भिजवला, मग घासून खळखळून धुतला. एक नळी तडकली होती, तिला ब्रेझिंग करून घेतलं. पिस्टनची रबरी सीलं आणि गॅस्केट मापाने नवीन आणली, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या रबराचीच. सेफ्टी व्हॉल्व्ह जुना ठेवायचा नाही हे लेथवाल्या काकांनी निक्षून सांगितलं होतं, तो नवा बसवला. कामाचा दाब एक बार. आम्ही बॉयलर थंड पाण्याने भरून हातपंपाने दोन बारपर्यंत नेला आणि अर्धा तास घड्याळाकडे बघत बसलो. काटा हलला नाही. हवेने किंवा वाफेने अशी टेस्ट चुकूनही करू नका. पाणी फुटलं तर भिजवतं, वाफ फुटली तर भाजते. नवीन एलिमेंट, जाड अर्थिंग, ईएलसीबी. मग वीज लावली.

अतिउत्साहात मी पहिल्यांदा गाळणीत पूड न भरताच दांडा ओढून सोडला. खाली अडवायला पूड नाही, त्यामुळे स्प्रिंग एका झटक्यात सुटली आणि दांडा हनुवटीपासून दोन बोटांवरून सणकन वर गेला. १८० किलो म्हणजे काय, ते कॅल्क्युलेटरपेक्षा तेव्हा नीट कळलं.

पहिली कॉफी करपलेली निघाली. मी हताश झालो, पण या वेळी कारण शोधता येत होतं. एक बारच्या बॉयलरमध्ये पाणी १२० अंशांना असतं. ते पुडीपर्यंत येताना पितळेच्या जाड सिलिंडरला उष्णता देऊन निवतं, हा हिशेब. मी मात्र पाणी पुन्हा पुन्हा सोडून आख्खं पितळच तापवून ठेवलं होतं, मग ते निवणार कुठे? दहा मिनिटं थांबलो. पूड पुन्हा भरली, दांडा ओढला, मनात दहा मोजले, सोडला. दांडा सावकाश वर गेला. कपात अंगठ्याच्या पेराएवढी कॉफी आणि वर साय.

आईने एक घोट घेऊन तोंड कसनुसं केलं आणि दूध-साखर मागितली. बाबांनी मात्र कप संपवला, आणि काही न बोलता थर्मोचं पुस्तक कुठे आहे विचारलं. वायडीनंतर घरात निघालेला अभ्यासाचा तो पहिला शब्द. मी त्यांना अडीच बारची आणि दहा बारची ओळ दाखवली.

मामा आले तेव्हा त्यांनी सुचवलं की दांडा काढून पंप बसवू, पोरांना हॉलवर सोपं जाईल. खर्चही मी काढला होता. पण तसं केलं नाही. मामांना खरं तर वाफच हवी होती. आपल्या लग्नातली एक्स्प्रेसो म्हणजे इन्स्टंट कॉफी आणि दूध वाफेने फसफसवून वर चॉकलेटची पूड भुरभुरवलेली. गाज्जाने कॉफीतून घालवलेली वाफ आपण दुधात आणून बसवली, आणि मांडवात थंडीच्या रात्री ती लागतेही झकास. त्यासाठी त्यांना वाफेची तोटी असलेलं साधं मशीन मिळून गेलं. हे धूड पडवीत राहिलं.

थर्मो पुढच्या वेळी सुटला. मार्क सांगण्यासारखे नाहीत. सुटला, एवढं पुरे. सेमिस्टरच्या सुट्टीत घरी गेलो की अजूनही एक-दोन कप काढतो. दांडा खाली ओढून धरला की काही सेकंद काहीच होत नाही. पाणी आत शिरत असतं, पूड भिजत असते, स्प्रिंग दाबलेली असते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, मशीन बंद आहे. घाईने सोडलं तर कॉफी फुकट जाते. तेवढे दहा आकडे मोजताना मला दरवेळी ती नऊ वर्षं आठवतात.